वळणावरची पंच

९ ऑगस्ट

छोटे,

‘प्रिय’ लिहिलं नाही. पहिल्याच शब्दाला खोटं कशाला लिहू? तुझा पत्ता सरांनी दिला. फोन नंबरही देत होते, तो मी घेतला नाही. तू ‘हॅलो’ म्हणाली असतीस आणि मी फोन ठेवून दिला असता. पत्राचं बरं असतं. मला पूर्ण बोलता येतं आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

सर आमच्याकडे एक्स-रेला आले होते. दोन्ही गुडघे. शर्यतीत चालताना आपल्या दोघींचे गुडघे सरळ राहावेत म्हणून त्या माणसानं वर्षानुवर्षं घसा फोडला, आणि आता त्यांचे स्वतःचे वाकत नाहीत. चिठ्ठीवरचं नाव वाचून मला काही कळलं नाही, कारण आपण त्यांना कधी नावानं ओळखलंच नाही. मी वॉर्डातून फिरतं मशीन ढकलत परत येत होते. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर एक म्हातारा टक लावून माझ्याकडे बघत होता. जवळ गेले तर म्हणतो, “खांदे उचलतेस अजून. मोठी ना तू?”

किती वर्षांनी कोणी मला मोठी म्हटलं असेल! इथे मी ‘एक्स-रेवाल्या मॅडम’ आणि घरी ‘अगं’ किंवा ‘आई’. मी त्यांना प्लेटसमोर उभं केलं, कंबरेला शिशाचा पट्टा बांधला, काचेमागे गेले आणि सवयीनं ओरडले, “हलू नका.” ते तिथूनच म्हणाले, “मी नाही हलत. तू हल जरा. वॉर्डापासून इथपर्यंत चालत आलीस ती काय अशीच? तुझ्यात अजून वीस किलोमीटर आहेत.”

मग तुझा विषय त्यांनीच काढला. चालण्याच्या शर्यतींची पंच झालीस म्हणे. “छोटी फार कडक आहे हं, बापालाही सोडायची नाही,” असं कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, “बापाचं माहीत नाही, बहिणीला तर नाहीच सोडलं.” ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. ज्यांना सगळं माहीत असतं त्यांना अशा वेळी खिडकी बरी सापडते.

तर कळवायचं ते एवढंच, की मी परत चालायला लागले आहे. सरांना दाखवायला नाही आणि तुला दाखवायला तर मुळीच नाही. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

मोठी

१४ सप्टेंबर

छोटे,

उत्तर आलं नाही. बरं झालं. नाहीतर मला वाटलं असतं की तू सुधारलीस की काय.

घरचे जागे व्हायच्या आत मी बाहेर पडते. पाण्याच्या टाकीमागे एक रस्ता आहे, नवा, सपाट, अजून घरं झालेली नाहीत. तिथे मी, दोन कुत्री आणि टाकीवरचा पहारेकरी. पहिल्या दिवशी त्यानं बराच वेळ बघितलं आणि मग न राहवून विचारलं, “बाई, पळायचं तर पळा, चालायचं तर चाला. हे मधलंच काय?” मी काय सांगणार? आयुष्य मधल्यातच गेलं, म्हटलं, हेही तसंच. तो बिचारा ‘बरं बरं’ म्हणाला.

घरी परत आले की डबे, मुलीचा गणवेश, सासूबाईंचं औषध, मग धावत हॉस्पिटल. दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ सांगते. माझा स्वतःचा मी कुठे धरून ठेवलाय ते मला संध्याकाळपर्यंत आठवत नाही. दुपारी मशीन वॉर्डात न्यायचं असलं की लांबच्या कॉरिडॉरनं नेते आणि रिकाम्या हातानं परत येताना कंबर सोडून चालते. नर्सबायका मला ‘बदक’ म्हणतात. प्रेमानं म्हणतात, असं त्याच म्हणतात.

नवऱ्याचं विचारशील. नाही विचारणार, पण सांगते. तो चांगला आहे. ‘जा ना, मी कुठे अडवतोय?’ म्हणतो. ज्याला त्याला सांगत सुटलाय की मी तिला परवानगी दिली. ऑफिसात त्याची वाहवा होते. माझ्या पायाला फोड आले, तर त्याच्या मोठ्या मनाबद्दल लोकांनी त्याला चहा पाजला. एकदाच मी म्हटलं, “मग रविवारी मुलीचं तू बघशील?” तर म्हणाला, “बघीन की, फक्त काय काय करायचं ते लिहून ठेव.” ते लिहीपर्यंत माझे चार किलोमीटर झाले असते. सासूबाई तरी सरळ बोलतात. मी पायांना तेल लावत बसले होते तर म्हणाल्या, “एवढी ताकद अंगात आहे तर पडदे काढ धुवायला.” मी काढले. धुतलेही. आणि दुसऱ्या दिवशी चालायला गेले.

मुलगी मात्र लाजते. अकरा वर्षांची आहे. म्हणाली, “आई, माझ्या शाळेच्या रस्त्यानं तशी चालू नकोस ना.” ‘तशी’ म्हणजे कंबर हलवत. आपल्यालाही पोरं चिडवायची, आठवतं? पण तेव्हा आपण दोघी होतो.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. बाळंतपणानंतर माझं अंग पहिल्यासारखं राहिलं नाही. वेग वाढवला की थेंब थेंब गळतं. काळी पँट घालते आणि वर लांब सदरा. नवऱ्याला माहीत नाही. सरांना सांगणं शक्य नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या व्यायाम करा, तो करतेय. हे सांगावंसं वाटलं तेव्हा सगळ्या जगात तुझंच नाव आठवलं, याचा मला इतका राग आला की पत्र दोनदा फाडलं.

मोठी

२६ ऑक्टोबर

छोटे,

सरांचा फोन आला होता. नोव्हेंबरच्या शर्यतीत पहिल्या येतील त्या तिघी राज्याच्या संघात. वयाची अट नाही. आणि पंचांमध्ये तू आहेस. हे त्यांनी शेवटी सांगितलं, फोन ठेवता ठेवता.

मला त्या संघात जायचं आहे. हे मी घरात कोणाला एवढं उघड सांगितलेलं नाही. घरी ‘तब्येतीसाठी चालते’ असंच चाललंय. तब्येतीसाठी कोणी पायाची नखं काळी करून घेत नाही. मला पाठीवर नाव छापलेला तो शर्ट हवाय, एकदा तरी, आणि तो घालून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचंय. एकोणचाळिसाव्या वर्षी हे असं मागणं बालिश वाटतं, पण सत्ताविसाव्या वर्षी मिळालं असतं तर आता मागावं लागलं नसतं.

काल जेवताना मुलीनं नियम विचारले. म्हटलं, दोनच आहेत. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे टाकलेला पाय, अंग त्याच्यावर येईपर्यंत, गुडघ्यात सरळ हवा. दोन्ही पाय सुटले की ते पळणं झालं. आधी पंच पिवळी पाटी दाखवून ताकीद देतो, मग लाल कार्ड लावतो. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं झाली की शर्यतीबाहेर. नवरा हसून म्हणाला, “तुझ्या आईची काळजी नको, तिचे पाय जमिनीवरच असतात.” खरंच आहे. त्या बाबतीत माझ्याइतका सराव कोणाला नसेल.

आता जुनं. एकदाच लिहिते.

मला दिवस गेले ते मी सगळ्यात आधी तुला सांगितलं. नवऱ्याच्याही आधी. शर्यतीला पंधरवडा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्रास होत नसेल तर खुशाल चाला. मी तुला म्हटलं, पोटात ठेव. माझ्या पोटातलं तुझ्या पोटात एक रात्रही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मला मैदानाबाहेर बोलावून अभिनंदन केलं. हातात हात घेऊन! आणि म्हणाले, आता विश्रांती घ्यायची, काळजी करू नकोस, तुझ्या जागी आपली छोटी आहेच. राखीव होतीस ना तू. तू गेलीस, शर्ट घातलास, फोटो काढलास आणि परत आलीस ती खेळाडूंच्या राखीव जागेवरची नोकरी पक्की करूनच.

तुझ्या भल्यासाठी सांगितलं, म्हणालीस. असेलही. बारा वर्षं मी उलटसुलट विचार केला आणि मला अजून माहीत नाही. पण माझं भलं कशात आहे हे ठरवायला माझी गरज कोणाला पडली नाही, तुलाही नाही, हे मात्र माहीत आहे. आणि मुलगी झाली याचं मला कणभरही वाईट वाटलेलं नाही. हे दरवेळी आधी सांगावं लागतं, नाहीतर लोक पुढचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

तेव्हा हे नीट ऐक. एक तर पंचांतून नाव काढून घे. ते जमत नसेल तर मला बाकीच्यांसारखीच बघ. पाय सुटला तर पाटी दाखव, कार्ड लाव, बाहेर काढ. माझ्या वतीनं आणखी एकदा काही ठरवू नकोस.

मोठी

१७ नोव्हेंबर

छोटे,

जेवणाच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीत बसून लिहितेय. टेबलावर डबा तसाच आहे. पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागतं. नर्सबायकांनी आज टाळ्या वाजवल्या आणि ‘बदक तिसरं आलं’ म्हणून फळ्यावर लिहिलं. मी हसले. काल बक्षीस घेतानाही हसले. फोटोत मी फार आनंदी दिसते, असं नवरा म्हणाला.

तू नाव काढून घेतलं नाहीस. लांबच्या टोकाच्या वळणावर उभी होतीस, पांढरी टोपी, हातात ती पिवळी पाटी. पहिल्या फेरीत मी तुला लांबूनच ओळखलं, उभं राहायची पद्धत बदललेली नाही तुझी, एका पायावर भार. मी तुझ्याकडे बघितलं नाही. दर फेरीला वळणाच्या आधी मान खाली घालायचे आणि रस्त्यावरची पांढरी रेघ बघत वळायचे. तूही मला एकदा पाटी दाखवलीस, सुरुवातीलाच, गुडघ्यासाठी. मला राग नाही आला. उलट बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, चला, पत्र वाचलं हिनं.

अर्ध्यात पहिलं लाल कार्ड लागलं, एका उंच पंचाचं. थोड्या वेळानं दुसरं. फळ्यावर माझ्या नंबरापुढे दोन लाल ठिपके. मुलगी पाण्याच्या टेबलापाशी उभी होती, तिनं ते पाहिलं. घरी येताना मला म्हणाली, “मी त्या टोपीवाल्या पंचबाईंना जाऊन विचारलं, माझ्या आईला अजून एक कार्ड पडलं तर काय होईल? त्या म्हणाल्या, पडणार नाही.” मी विचारलं, “आणखी काय म्हणाल्या?” तर म्हणे, “माझं नाव विचारलं आणि शाळा कुठली विचारलं.” तुझी भाची आहे ती, छोटे. तुला ‘पंचबाई’ म्हणाली. तू ‘मावशी’ सांगितलं नाहीस. हेही तूच ठरवलंस.

शेवटच्या फेरीत मी तिसरी होते आणि एक वेणीवाली पोरगी मागून येत होती. विशीचीही नसेल. सुंदर चालते. तिचा श्वास मला माझ्या मानेशी ऐकू येत होता. वळणापाशी ती अगदी खांद्याला आली आणि मग मी पळाले.

घसरले नाही, तोल गेला नाही, पळाले. दोन्ही पाय सुटले, गुडघे वाकले, चांगली दहा-बारा पावलं, तुझ्यासमोरून. पळतेय हे मला कळत होतं. आणि त्या फेरीत मी पहिल्यांदा मान वर केली, कारण मला पाटी बघायची होती. तू माझ्याकडेच बघत होतीस. पाटी तुझ्या मांडीला चिकटलेली. तू ती वर केली नाहीस. कार्डही लावलं नाहीस, ते तिसरं ठरलं असतं.

मी तिसरी आले. वेणीवाली चौथी. बूट काढून रस्त्याच्या कडेला बसली होती आणि तिची आई तिच्या तळव्यांना बर्फ लावत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, “ताई, शेवटी काय जोर लावलात हो!” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचं काय करू ते सांग आता.

बारा वर्षांपूर्वी तू बोललीस आणि माझी जागा गेली. काल गप्प बसलीस आणि मला जागा मिळाली. दोन्ही वेळेला मला कोणी विचारलं नाही. तेव्हा तुझं तोंड आवरलं नाही, काल हात उचलला नाही. दया आली का? की फेडून टाकलंस? एकाची जागा काढून दुसऱ्याला द्यायची सवयच जडली आहे का तुला? कडक पंच म्हणे! मला लाल कार्ड दिलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, घरी जाऊन रडले असते आणि पुढच्या महिन्यात परत टाकीमागे गेले असते. आता तो शर्ट मिळेल तेव्हा त्याच्या पाठीवर माझं नाव असेल आणि तो असेल मात्र तू दिलेला.

बाहेर रांग लागली आहे. एका आजोबांची छाती काढायची आहे.

मोठी

५ डिसेंबर

छोटे,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मुलीनं विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, पंचबाईंचं.

आधी इकडचं सांगते. मी शर्यतीच्या मुख्य पंचांना भेटले. सगळं सांगितलं, मी पळाले, कुठे पळाले, कशी पळाले. तुझं नाव घेतलं नाही, घाबरू नकोस. ते हसायला लागले. म्हणाले, “मॅडम, पंचानं दाखवलं नाही म्हणजे ते झालंच नाही. तक्रारीची मुदतही संपली. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?” मी म्हटलं, मग मी संघातून नाव मागे घेते. तर म्हणाले, काहीतरी कारण द्यावं लागेल, सबळ कारण. मी जरा विचार केला आणि म्हटलं, “घरची अडचण आहे.” त्यांनी लगेच मान हलवली. “समजू शकतो,” म्हणाले, “मुलगी लहान असेल ना?” कसली अडचण, कोणाची, काही विचारलं नाही. मी पळाले हे खरं होतं, ते पटलं नाही. हे खोटं होतं, ते निम्मं बोलायच्या आत पटलं.

वेणीवाली जाते आहे. तिनं फोन करून “ताई, घरी सगळं ठीक आहे ना?” असं विचारलं. नवरा म्हणाला, “बरंच झालं, आपल्या पोरीची परीक्षाही त्याच सुमारास आहे.” वर हेही म्हणाला, “मी मात्र नाही म्हटलं नव्हतं हं, लक्षात ठेव.” मी लक्षात ठेवलं आहे. त्या दिवशी संध्याकाळी माझे बूट धुऊन गॅलरीत वाळत घातलेले दिसले. सासूबाईंनीच घातले असणार, दुसरं कोण घालणार?

आता तुझं पत्र. एवढ्या पत्रांना मिळून एक पान! जुन्या गोष्टीबद्दल त्यात अक्षरही नाही. ते मी शोधलं, उलटूनही बघितलं.

तू लिहितेस की दया केली नाही, फेड केली नाही. तू लिहितेस, “ताई, मी पाय पाहिलेच नाहीत. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, गुडघ्याच्या वर नजर न्यायची नाही, चेहरा बघितला की पंच संपला. इतकी वर्षं मी कोणाचाही चेहरा बघितला नाही. सगळ्या फेऱ्यांना तू मान खाली घालून गेलीस आणि शेवटच्या फेरीला एकदम वर बघितलंस. मी तुझ्या तोंडाकडेच बघत राहिले. किती वाळलीस गं. तू गेल्यावर मला कळलं की खाली काय झालं ते मला माहीत नाही. पाहिलं नाही त्यासाठी पाटी कशी दाखवू?”

हे वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं. विश्वास बसला, हेच वाईट झालं. दया केली असतीस तर मला आयुष्यभर पुरेल एवढा राग मिळाला असता. तो तू एका पानात काढून घेतलास आणि त्याच्या जागी ठेवलंस काय, तर वाळलीस.

हो, वाळले. मूल झालं तेव्हा सुजले होते, ते बघायला तू आली नाहीस. आई गेली तेव्हा काळी पडले होते, तेव्हा तू फाटकाबाहेर उभी राहून परत गेलीस, शेजारणीनं मला नंतर सांगितलं. रोज सकाळी आरशात माझं तोंड असतं, घरी असतं, हॉस्पिटलात असतं, पत्ता कोणालाही विचारता आला असता. बारा वर्षं तुला ते बघावंसं वाटलं नाही. आणि वाटलं ते नेमकं माझे पाय बघायच्या दिवशी, छोटे. ज्या एका दिवशी तू माझ्याकडे बघायला नको होतंस त्या दिवशी.

मी पुढच्या वर्षी परत उतरणार आहे. चाळिशी होईल, होऊ दे. गळणं थोडं कमी आहे, गुडघा सरळ पडतो आहे. तू पंच असशील तर मैदानात माझे पाय बघ.

तोंड बघायचं असेल तर घरी ये. मी दार उघडेनच असं नाही. मुलगी उघडेल.

मोठी